कोऱ्या जागेतला अंगठा

वनाबाय माझ्यावर विश्वास न ठेवताच गेली.

आणि तिचं बरोबर होतं.

पेण तालुक्यात, गडब गावाच्या खाली, खाडीकडे आमचं गाव. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत वनाबाय खिचडी शिजवायची. तीच खिचडी खाऊन मी शिकले, घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. परवा सकाळी ती गेली.

तिचा संशय सगळ्यांवर. तांदळाचं पोतं आलं की आधी आत नाक. भिंतीची सावली बघून म्हणायची, "गुरुजी, तुमच्या घड्याळाचा काटा पुढं पळतोय."

पण सगळ्यात जास्त संशय कोऱ्या जागेवर.

तिच्या सासऱ्यांनी एकदा कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. मजकूर त्यावर नंतर कुणीतरी लिहिला. शेत गेलं.

मागच्या वर्षी शाळेत पालकांची मीटिंग झाली. पट उरला होता अकरा पोरांचा. तालुक्याहून एक साहेब आले होते, फार गोड बोलत होते. "काही काळजी करू नका, फक्त चर्चा."

जाताना एक कागद फिरवला. वर लिहिलं होतं 'उपस्थिती'. मग चार बोटं कोरी जागा. त्याखाली सह्यांचे रकाने.

मी तेव्हा रोह्याशेजारच्या अष्टमी गावात मावशीकडे राहून रोह्याच्या कॉलेजात लास्ट इयरला होते. सुट्टीत घरी आलेली. सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी ऐटीत म्हणाले, "हजेरी आहे फक्त. करा सह्या."

सगळ्यांनी केल्या.

वनाबायने कागद हातात धरला. "ही वर जागा कशाला सोडलीय गो?"

"अगं बाय, फॉरमॅट असतो तो."

"फॉरमॅट म्हंजे कोण?"

सगळे हसले. मीही हसले. तिने अंगठा पॅडवर दाबला आणि नेमका त्या कोऱ्या जागेच्या मधोमध उठवला.

मी ओरडले, "काय केलंस! कागदाची घाण केलीस."

"व्हय. केली."

दोन महिन्यांनी पत्र आलं. शाळेचं 'समायोजन'. शब्द किती चांगला आहे बघा. अर्थ एवढाच, की आमची शाळा बंद आणि पोरं हायवेपलीकडच्या शाळेत. माझ्या भावाची चिऊ तेव्हा दुसरीत. तो हायवे मोठी माणसंसुद्धा हात धरून ओलांडतात.

पत्रात लिहिलं होतं, पालकांची संमती आहे.

कसली संमती? कुणी दिली?

झेरॉक्स मिळवायला मी पेणला तीन हेलपाटे घातले. तिसऱ्या वेळी मिळाली. तोच कागद, त्याच आमच्या सह्या. 'उपस्थिती'च्या पुढे आता बारीक अक्षरात 'व संमती' होतं. खालच्या कोऱ्या जागेत एक ओळ होती: 'आम्ही सर्व पालक शाळेच्या समायोजनास'... मग वनाबायचा काळाकुट्ट अंगठा... आणि त्याला वळसा घालून पलीकडे, 'राजीखुशीने तयार आहोत.'

अंगठा आधी. ओळ नंतर. कुणालाही दिसत होतं.

आम्ही हरकत घेतली. झेरॉक्स जोडली. निर्णय 'तूर्तास स्थगित' झाला.

ती ओळ कुणी लिहिली, ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. आणि त्या 'तूर्तास'वर माझा अजिबात विश्वास नाही.

मी वनाबायची माफी मागायला गेले, तर ती कांदे चिरत होती. वर न बघताच म्हणाली, "तुला वाचता येतं ना, म्हणून फसलीस. मला येत नाय, म्हणून मी बघते."

त्यानंतर कुठलाही कागद ती आधी माझ्याकडून वाचून घ्यायची. मग मला बाहेर पाठवायची आणि तोच चिऊकडून वाचून घ्यायची. दोघींचं जुळलं तरच मान हलवायची.

मी एकदा चिडले. "बाय, मी बीए झालेय, ती तिसरीतली पोर आहे!"

"म्हणून तर शाळा ऱ्हायला पायजे गो. नायतर तू वाचलंस ते खरं का खोटं, मला कोण सांगल?"

मी बाहेर गेले आणि चिऊला आत पाठवलं.

आज शाळेत तिची शोकसभा होती. शेवटी एक कागद फिरायला लागला. कुणी आणला, ते कुणालाच नीट सांगता येईना.

मी चिऊला हाक मारली. "वाच."

"उपस्थिती."

"आणि त्याच्या खाली?"

"काय नाय आत्या. कोरं हाय."

मी ऑफिसच्या टेबलावरचा पॅड आणला.

आई कुजबुजली, "अगो, तुला सही येते ना?"

येते. इंग्लिशमध्येपण येते.

मी अंगठा दाबला आणि मधोमध उठवला. माझ्यानंतर आईने. मग एकेक करत सगळ्या बायांनी. शेवटी चिऊ म्हणाली, "मला कुठं जागा?" तिला कोपऱ्यात जेमतेम मिळाली.

वनाबाय, कागदावर आता एक अक्षरसुद्धा मावणार नाही. चिऊने तपासलंय.

निवांत जा गो.