भरतीचा हिसाब
साठ सालाच्या सुमारास पालघरच्या आमच्या शाळेत आठवीच्या मुलींना बीजगणिताऐवजी गृहविज्ञान देत. बीजगणित नाही म्हणजे पुढे कॉलेजात सायन्स नाही. त्या शिरस्त्याचा मला अजून राग येतो. मी घरी आदळआपट केली, तेव्हा दुसऱ्या दिवशी आई मासळीची पाटी घेऊन थेट शाळेत आली.

गुरुजी म्हणाले, "बाई, मासे विकायला बीजगणित कशाला?"

"आज अष्टमी. भरती कवा हाय, सांगा."

गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तिथीला तीननं गुणा, चारनं भागा. सा वाजता," आई म्हणाली. "आमच्यात हा हिसाब पोरींना पयला शिकवतात. फुडचा तुमी शिकवा."

गुरुजींनी कागदावर मांडून पाहिलं आणि माझं नाव बीजगणिताच्या यादीत घातलं. त्या वर्षी मी एकटीच मुलगी होते. पुढच्या वर्षी आणखी तिघी आल्या.

दशक संपता संपता मी बी.एस्सी. झाले. तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर समुद्राच्या पाण्याची पातळी नोंदवायचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी साहेब भरतीच्या वेळांचं कोष्टक शोधत कपाट उपसत होते.

मी म्हटलं, "साहेब, कोष्टक राहू द्या. आज तिथी कोणती?"