जळकोटच्या डाकेपुरता खुलासा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या पित्तापासून माझ्या पेन्शनच्या कागदांपर्यंत सगळं ठाऊक असतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही लातुरात कधीतरी सकाळच्या चहाबरोबर माझं सदर वाचलं असेल. वाचून म्हणालाही असाल, की बघा, एक तरी पेपर आपली चूक कबूल करतो. असं म्हणणारे खूप होते. मला ते ऐकायला फार गोड वाटायचं.

सदराचं नाव 'आमचं चुकलं'. ते जन्मलं भूकंपात. पडलेल्या गावांतून मृतांच्या याद्या येत होत्या, आम्ही छापत होतो, आणि त्यातलाच एक माणूस डोक्याला पट्टी बांधून आमच्या कार्यालयात आला. टेबलावर अंक ठेवला, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ह्यो मीच हाय. एवढं मागं घ्या." दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मी चौकट लिहिली, आमचं चुकलं म्हणून. लोकांनी ती चौकट डोक्यावर घेतली. मालकांनी सदर कायमचं केलं आणि माझ्या गळ्यात घातलं. मी तेव्हा साधा उपसंपादक होतो. त्या चौकटीनं मला लातुरात नाव दिलं.

मन्मथ गुरुजी मला त्याच दिवसांत भेटले. जळकोट तालुक्यातल्या एका गावात ते शाळामास्तर होते. भूकंपानंतर सुट्टी टाकून पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना पाढे शिकवायला आले होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं हळू. म्हणाले, चुकलो म्हणणारा पेपर पहिल्यांदाच बघितला. मी किती फुगलो असेन?

मग काही वर्षांनी लातूर क्लासचं गाव झालं. ज्या रस्त्यावर डाळमिलींच्या पाट्या होत्या, तिथे गुणवत्ता यादीतल्या पोरांचे फोटो लागले. जून आला की आमच्या पेपरात बातमी कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे मलाही कळत नसे. अशाच एका जूनमध्ये दहावीच्या गुणवत्ता यादीत जळकोट तालुक्यातली एक मुलगी आली. एका मोठ्या क्लासनं तिला बोलावून शाल-नारळ दिला, फोटो काढला आणि मजकूर आमच्याकडे पाठवला. 'क्लासच्या मार्गदर्शनामुळेच हे यश' असं त्यात होतं. मी तो मजकूर बातमी म्हणून लावला. तिच्या शाळेत एक फोन केला असता तर कळलं असतं. केला नाही.

चार दिवसांनी गुरुजी आले. मुलगी त्यांच्या शाळेतली. निकाल लागेपर्यंत तिनं लातूर पाहिलंही नव्हतं. शाळा सुटल्यावर ते तिला आणि आणखी पाच-सहा जणांना तासभर बसवून शिकवायचे. रागावलेले नव्हते. बातमी वाचून गावातले पालक पोरं लातूरला धाडायचं म्हणत होते, आणि पट घसरला तर शाळेचा दहावीचा वर्ग बंद होणार होता. त्यांना चार ओळींचा खुलासा हवा होता. त्यांनी तो कागदावर सुवाच्य अक्षरात लिहूनही आणला होता.

मी मालकांकडे गेलो. क्लासनं अख्ख्या जूनची पहिली पानं जाहिरातींसाठी घेतली होती. मालक चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाले, "सदर तुमचं हाय. बघा तुमचं तुम्ही."

छापू नका, असं ते म्हणाले नाहीत. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढचं डोकं माझं.

पेपरच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. एकाच तारखेचा अंक दोनदा छापला जातो. लांबच्या तालुक्यांचा आधी, तो एसटीनं जातो. त्याला आम्ही डाक म्हणायचो. शहराचा नंतर. मधल्या वेळात पानं बदलता येतात. एरवी हे ताज्या बातमीसाठी करतात. मी काय केलं? गुरुजींचा खुलासा डाकेत लावला, ठळक चौकटीत, 'आमचं चुकलं' या मथळ्याखाली. डाक निघून गेल्यावर चौकट उचलली आणि त्या जागी मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, भाव टाकले. जळकोटला खुलासा मिळाला, लातूरला तुरीचा भाव मिळाला, कुणीच नाराज झालं नाही. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो, हेही सांगून टाकतो.

गुरुजींनी चौकट कापून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि शाळेच्या फळ्याशेजारी टांगली. मला पोस्टकार्ड पाठवलं, की तुमच्यामुळे वर्ग वाचला. ते कार्ड मी खणात सगळ्यात खाली ठेवलं.

वर्ष गेलं. प्रवेशाच्या दिवसांत क्लासचा माणूस त्या गावात पत्रकं घेऊन पोहोचला. पत्रकावर माझीच जुनी बातमी. गुरुजींनी पालकांसमोर कात्रण दाखवलं. कात्रणाची गोष्ट त्या माणसाच्या कानावर आधीच गेली असावी; त्यानं पिशवीतून त्याच तारखेचा अंक काढला, शहरातला, आणि पान उघडून विचारलं, कुठं आहे तुमचा खुलासा? गावात सहा अंक यायचे, ते केव्हाच रद्दीत गेले होते, आणि वर्षापूर्वी अंकात काय वाचलं ते कुणी छातीठोक सांगेना. कात्रण बनावट आहे, कुठल्यातरी छापखान्यातून छापून आणलंय, असं तो म्हणाला. गुरुजी हसले म्हणे. म्हणाले, चला लातूरला, पेपरच्या कार्यालयातच फाईल बघू. तिथं खोटं चालत नाही.

तिथं खोटं चालत नाही — हे त्यांनी आमच्याबद्दल म्हटलं होतं.

चार पालकांना घेऊन ते एसटीनं आले. दुपारची वेळ होती. मला लांबूनच नमस्कार केला, मुद्दाम जवळ आले नाहीत. मी आधी काही सांगितलं असं कुणाला वाटू नये म्हणून असेल. ग्रंथपालानं त्या महिन्याची बांधलेली फाईल काढून दिली. फाईलला शहराचाच अंक लागतो. डाक कुणी जपून ठेवत नाही. गुरुजींना हे कसं माहीत असणार? मला माहीत होतं. ते पानं उलटत होते, आणि मी माझ्या खुर्चीत, आठ पावलांवर, एका बातमीतल्या वेलांट्या तपासत होतो.

पान निघालं. त्यांनी पुठ्ठा चौकटीच्या जागेवर धरला. जागा अगदी बरोबर होती. मजकूर वेगळा. चौघांतला एक किराणा दुकानदार होता, तो वाकून बघून म्हणाला, "गुरुजी, हितं तर तुरीचा भाव हाय."

गुरुजींनी पान पुन्हा वाचलं. मागचं, पुढचं पान बघितलं. मग माझ्याकडे वळले.

"साहेब, तुमीच सांगा की. तुमीच छापलाव न्हवं?"

किती सोपं होतं! हो, मी छापलं, एवढं म्हणायचं. मात्र मग पुढचा प्रश्न आला असता, की फाईलमध्ये का नाही? त्याचं उत्तर मालकांनी ऐकलं असतं, क्लासनं ऐकलं असतं, सगळ्या लातूरनं ऐकलं असतं. माझं सदर, माझं नाव, माझी ती भूकंपातली चौकट — सगळं मातीत गेलं असतं. मी पेन खाली ठेवलं नाही. म्हणालो, "फाईलमध्ये नसेल, तर नसेल, गुरुजी."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना तेव्हा समजलं, याची मला खात्री आहे. कसं केलं ते नसेल समजलं, मी केलं हे समजलं. माझ्यावर त्यांनी जेवढा विश्वास टाकला होता, तेवढा माझ्या वडिलांनीही टाकला नव्हता. मी तो चौघांदेखत त्यांच्या अंगावर उलटवला. त्यांनी भांडायला हवं होतं. पुठ्ठा माझ्या तोंडावर फेकायला हवा होता. त्यांनी तो पिशवीत ठेवला, पालकांकडे बघितलं आणि म्हणाले, "माझंच चुकलं असंल."

माझ्या सदराचं नाव त्यांनी स्वतःवर घेतलं आणि जिना उतरून गेले.

त्या जूनमध्ये त्यांच्या दहावीच्या वर्गात तिघं उरली. पुढच्या वर्षी वर्ग बंद झाला. गावात त्यांना 'छापील गुरुजी' म्हणायला लागले, हे मला जळकोटच्या वार्ताहरानं हसत हसत सांगितलं. मीही हसलो. हो, हसलो. सदर मी पुढे आणखी अकरा वर्षं चालवलं. नावांच्या चुका, तारखांच्या चुका, फोटोखालच्या ओळींच्या चुका — सगळ्या इमानदारीनं कबूल केल्या. वाचकांच्या मेळाव्यात पारदर्शकतेवर भाषण केलं, त्याला टाळ्या पडल्या. तुम्हीही तिथे असाल.

गुरुजी गेल्याची बातमी माझ्याच टेबलावर आली. तीन ओळी होत्या. त्यांच्या नावातलं जोडाक्षर वार्ताहरानं चुकवलं होतं, ते मी दुरुस्त केलं. खेड्यातली निधनवार्ता म्हणून ती फक्त डाकेत गेली. शहरात घ्यायला जागा होती. मी घेतली नाही.

तर हा खुलासा. ती मुलगी कुठल्याही क्लासला गेली नव्हती. तिला मन्मथ गुरुजींनी शिकवलं. कात्रण आमच्याच पेपरातलं होतं, ती चौकट मीच लावली होती आणि मीच काढली होती. गुरुजींचं काहीही चुकलं नव्हतं.