तरसाच्या बिळावरच्या काट्या

ही वही कुणी वाचलीच, तर आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच.

वही कोथरूडच्या ताईंनी दिली. त्या कॉलेजात जनावरांचा अभ्यास करतात आणि आमच्या गावामागच्या माळावर स्कूटीवरून येतात. मी त्या माळावर रोज शेण गोळा करायला आणि गवत कापायला जाते. ताई म्हणाल्या, "मावशी, काय दिसेल ते लिहून ठेवा. वार, वेळ आणि जनावर." पहिल्या तीन पानांवर तसं लिहिलं आहे. ससे दोन. खोकड एक, ओढ्याकडे पळालं. पुढची पानं आजवर कोरी होती. ती का कोरी राहिली, ते ताईंना तोंडाने सांगायचा मला अजून धीर नाही.

आमच्याकडे म्हैस मेली की ती माळाच्या खडकांपाशी नेऊन टाकतात. तरस येऊन हाडंसुद्धा ठेवत नाही. त्यामुळे गावाला कधी वास आला नाही, आणि तरसाला कुणी दगड मारला नाही. तिथून वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीखाली तरसाच्या मादीचं बीळ होतं. ते मला ठाऊक होतं, आणि ताईंना मीच दाखवलं. ताई कुजबुजत म्हणाल्या, "मावशी, हे आपल्या दोघींतच ठेवायचं हं." मला फार बरं वाटलं. माझ्याजवळ गुपित ठेवावं असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं.

मग माळावर बंगल्यांची वसाहत होणार असा फलक लागला. डोंगर दिसणारे प्लॉट. ताईंनी अर्ज केला, की इथे तरसाचं बीळ आहे. म्हणून सरकारी साहेब जागा बघायला येणार, असं ठरलं. नागपंचमीनंतर चौथ्या दिवशी प्लॉटवाल्यांचा एजंट आमच्या दारात आला. तो आमच्याच गावातला, माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालेला.

"काकू, उसाच्या बांधाची भोकं तुमच्यासारखी कुणाला बुजवता येत नाहीत," तो म्हणाला. "साळिंदरसुद्धा आत शिरत नाही म्हणे."

"मग?"

"एक भोक माळावर हाय. उद्या साहेब येत्यात. त्याच्या आधी बुजवायचं, आणि पंच म्हणून सही करायची. सही येते न्हवं तुम्हाला?"

"येते," मी म्हणाले. तो विचारतोय याचा मला अभिमानच वाटला, हे लिहिताना लाज वाटते.

त्याने सहा हजार रुपये दिले. अडचण होती असं लिहिलं तर खोटं होईल. घरात खायला होतं. माझ्या मुलीला बाळ झालं होतं. तिचं सासर सोसायटीत राहतं, आणि बारशाला मी नुसतं झबलं-टोपडं घेऊन गेले तर तिची सासू काही बोलणार नाही, फक्त बघेल, हे मला माहीत होतं. मला चांदीचे वाळे घ्यायचे होते.

दिवेलागणीला मी खडकामागे बसले. मादी बाहेर आली, थांबली, वास घेतला आणि ओढ्याकडे गेली. बीळ रिकामं झालं, असं मी धरून चालले. उसाच्या बांधाला करते तसंच केलं: आधी बोरीच्या काट्या उलट्या घालून आत दाबल्या, वर दगड, त्यावर ओली माती, मातीवर गवताचे गड्डे लावले. काम छान झालं होतं. चार दिवसांपूर्वी पंचमीला मी विळीसुद्धा हातात धरली नव्हती. जमीन खणायची नाही, काही चिरायचं नाही. बिळातल्या जिवाला त्या दिवशी इजा नको, असं आईने शिकवलेलं. पंचमी सरली की ती शिकवणही सरते, असं मी वागले.

सकाळी साहेब आले. ताईंना दिवस कुणी कळवलाच नव्हता. आम्ही सगळे त्या जाळीपाशी उभे होतो आणि मातीखालून आवाज आला. बारीक, कुत्र्याचं पिल्लू रडतं तसा. साहेबांनी मान वळवली. एजंट म्हणाला, "टिटवी हाय साहेब. इथं लई."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, टिटवी आहे का?"

मी होय म्हणून मान हलवली. मग साहेबांनी कागद वाचून दाखवला, की सदर जागेत वन्य प्राण्याचं बीळ आढळलं नाही. खाली मी सही केली. सगळी अक्षरं नीट काढली.

जीप वळणाआड गेल्यावर मी हातांनी माती उपसली. माझ्या गवताच्या गड्ड्यांच्या कडेने नखांचे ओरखडे होते, कडेला उघड्या पडलेल्या काट्यांना रक्त लागलं होतं. मादी रात्रभर तिथेच होती. मला ते सकाळी दिसलं नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं. आत तीन पिल्लं होती. दोन सरपटत मागे गेली. तिसऱ्यावर माती ढासळली होती.

दुसऱ्या दिवशी बीळ रिकामं होतं. मादीने दोन्ही नेली असावीत. ताई आल्या, काट्या बघून तिथेच बसल्या. "कुणी केलं असेल हो, मावशी?"

"काय माहीत," मी म्हणाले.

त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. "अहो, हे काय झालं?"

"सरपण तोडताना."

त्यांनी पिशवीतून औषध काढलं आणि एकेक ओरखडा पुसून वर पट्टी लावली. मी हात मागे घेतला नाही.

घरी मी यांना सगळं सांगितलं. यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "चौथीपर्यंत शिकवलं ते चुकलंच तुझ्या बापाचं. अंगठा असता तर निदान वाचता आलं नाही म्हणाली असतीस."

दिवाळीनंतर वसाहतीची सुनावणी आहे, गावातल्या कुणालाही बोलता येईल, असं ताईंनी सांगितलं. "मावशी, तुम्ही बोललात तर फरक पडेल." मी खरं सांगणार आहे, हे बोलायला एजंटकडे गेले. तो हसला. "बोला की. मग मीपण सांगतो काकूंनी किती घेतले. आधी पैसे टाका, मग बोला."

वाळे परत मागणं शक्य नव्हतं. बाळाच्या पायात होते ते. मी मांजरी गावाच्या बाजूला खुरपणीला जाऊ लागले. पावसाळ्यात गोवऱ्या वाळत नाहीत. दसऱ्यानंतर ऊन पडलं तशा थापल्या आणि सोसायट्यांच्या फाटकापाशी विकल्या. दोनदा थोडे थोडे दिले. दोन्ही वेळा त्याने न मोजता खिशात घातले आणि म्हणाला, "काकू, बिल्डरला पैसे परत देणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय."

शेवटचे अडीच हजार काल दिले. सुनावणी उद्या आहे. तो चहाच्या टपरीवर बसला होता, सोबत गावातले सात-आठजण. मी एरवी त्या टपरीसमोरून डोक्यावरचा पदर पुढे ओढून जाते. काल थांबले. वही पुढे केली आणि पैसे पोचल्याचं लिहून दे म्हणाले.

"असलं कुठं लिहून देत्यात का, काकू?" तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "द्या, ठेवा तिथं."

मी ठेवले नाहीत. बाकावर एकेक नोट मांडत मोठ्याने मोजल्या. टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जात होतं. मोजून झाल्यावर म्हणाले, "तरसाचं बीळ बुजवायला आणि खोटी सही करायला याच्याकडून सहा हजार घेतले होते. आत पिल्लं होती."

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. एजंटाने नोटा उचलल्या आणि या वेळी मोजल्या. पूर्ण होत्या.