पाचवी 'ब'ची खुशाली

बोदिल क्विस्ट तापट आहे, हे लिमफ्योर्ड खाडीच्या काठच्या त्या गावात कुणीही सांगेल. बेकरीत शिळा पाव हातात पडला म्हणून तिने तो परत काउंटरवर आपटला होता. भर प्रवचनात पाद्र्याला "अरे, जरा मोठ्यानं बोल" असं सुनावलं होतं. शाळेतल्या पोरांवर मात्र तिने कधी आवाज चढवला नाही. तिचा राग नेहमी आपल्यापेक्षा वरच्यांवर निघायचा, आणि निघावा तर तो तिकडेच.

ती दूध डेअरीतल्या कामगाराची मुलगी. आई वारली त्या दिवशीही घरात सगळ्यांनी बटाटे सोलले, जेवले, भांडी घासली आणि झोपले. लहानग्या बोदिलला "तुला कसं वाटतंय गं?" असं कुणीतरी विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही. ती गोष्ट तिच्या मनात सलत राहिली, आणि त्यातूनच ती शिक्षिका झाली म्हटलं तरी चालेल.

म्हणून शुक्रवारचा 'वर्गाचा तास' तिच्या जिवाभावाचा. पाळीपाळीने एकेकाने घरून केक आणायचा, बाकं कडेला सारून गोल बसायचं आणि आठवडा कसा गेला ते सांगायचं. पहिलीपासून वर्गशिक्षिका तीच आणि मुलंही तीच, त्यामुळे पाचवीपर्यंत ती भावंडांसारखीच झालेली. "मजेत" म्हणून कुणाची सुटका नसायची.

"मजेत म्हणजे केव्हा रे? केक खायच्या आधी की नंतर?" असं ती विचारायची. पोरं खिदळायची आणि मग खरं बोलायची.

आल्बर्तेचे वडील मासेमारीला गेले ते परतलेच नाहीत. त्यानंतर तिची केकची पाळी आली तेव्हा आई अंथरुणातून उठतही नव्हती. पोरगी ओटचं पाकीट आणि साखर पिशवीत घालून आली. "मला एवढंच सापडलं," म्हणाली आणि रडायला लागली. विल्लाड्स नावाचा दांडगोबा धावत जाऊन लोणी आणि कोको घेऊन आला, आणि साऱ्या वर्गाने हात माखून घेत ओटचे लाडू वळले. तेव्हापासून दर शुक्रवारी आल्बर्ते सांगायची. आज फार वाईट वाटतंय. आज जरा कमी. आज आईने माझे केस विंचरले.

त्याच वर्षी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी नगरपालिकेसाठी मुलांच्या खुशालीची पाहणी काढली. संगणकाच्या पडद्यावर प्रश्न आणि खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत. पाचवी 'ब' पाच वर्षं जे शिकली होती तेच तिने केलं, खरं उत्तर दिलं. तुकडी गावातल्या सगळ्या शाळांत तळाला गेली. शेजारच्या पाचवी 'अ'त दर आठवड्याला कुणी ना कुणी स्वच्छतागृहात कोंडून घेऊन रडायचं. ती तुकडी वर आली.

मुख्याध्यापक टोर्बेनने बोदिलला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त आलेखापुढे त्याची बुद्धी चालायची नाही.

"वसंतात पुन्हा पाहणी आहे," तो म्हणाला. "सुधारणा दिसली नाही, तर सुट्टीनंतर 'ब' मोडून मुलं 'अ' आणि 'क'मध्ये वाटायची. या वर्गातलं वातावरण निरोगी नाही, बोदिल."

"वातावरण? अरे, एका पोरीचा बाप बुडाला! तिने काय हसरा चेहरा दाबायचा होता?"

"आपण एकेका मुलाबद्दल बोलत नाही आहोत. सरासरीबद्दल बोलतोय."

"मग त्या सरासरीलाच बसव वर्गात!" बोदिलच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "चोर सोडून संन्याशाला फाशी देतोयस तू. ही मुलं एकमेकांना धरून उभी आहेत. तोडलीस तर आल्बर्ते कुणाशी बोलेल?"

टोर्बेनने उसासा टाकला आणि थर्मासमधली कॉफी तिच्यापुढे सरकवली. तिने कपाला हात लावला नाही.

पुढची चूक मात्र इथल्याच माणसांना सुचावी अशी. मुलांपासून काही लपवायचं नाही, त्यांच्याशी बरोबरीने बोलायचं, हे इथे आईच्या दुधाबरोबर पाजतात. टोर्बेन स्वतः वर्गात आला, बाकाच्या कडेवर टेकला, प्रोजेक्टरने आलेख भिंतीवर पाडला आणि सगळा मामला समजावून सांगितला. पुढच्या वेळी आकडे वर गेले नाहीत तर काय होईल तेही सांगितलं. "तुम्हाला कळायचा हक्क आहे," असंही वर म्हणाला. आल्बर्ते आलेखातल्या सगळ्यांत बुटक्या खांबाकडे टक लावून बघत होती. बोदिलला त्याला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटलं.

वसंतातल्या पाहणीत पाचवी 'ब' पहिली आली.

निकालाच्या बैठकीला विद्यापीठातून सिडसेल नावाची तरुण संशोधिका आली होती. टोर्बेनने मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याचा थर लावलेला केक मागवला होता.

"एवढी झेप आम्ही कुठेच पाहिली नाही," सिडसेलचे डोळे चमकत होते. "बोदिल, तू नेमकं काय केलंस? आम्हाला इतर शाळांना शिकवायचंय."

"मी काही केलं नाही. पोरांनी थापा मारल्यात. सायकल स्टँडपाशी जमून ठरवलं त्यांनी, सगळ्यांनी पहिलाच चेहरा दाबायचा. विल्लाड्सने मला आत्ता सांगितलं."

"उत्तरं निनावी असतात गं. मुलांच्या उत्तरांवर आपण विश्वास ठेवायला हवा."

"विश्वास?" बोदिल उभी राहिली. "खरं बोलली तेव्हा त्यांचा वर्ग मोडायला निघालात, आणि खोटं बोलल्यावर केक कापताय? लाजा वाटत नाहीत तुम्हाला?"

टोर्बेन हळूच म्हणाला, "म्हणजे ही पाहणी खोटी समजायची? ठीक आहे. पण मग पहिलीच खरी धरावी लागेल, बोदिल. आणि ठरलं होतं तसंच करावं लागेल. काय लिहू?"

बोदिलच्या डोळ्यांपुढे सगळ्या पोरांचे चेहरे आले. "लिही तुला हवं ते," एवढं म्हणून ती बसली, आणि तो केक सगळ्यांनी तिच्यादेखत खाल्ला.

शुक्रवारी मुलं गोल बसली. वर्ग वाचला होता. पोरं खुशीत, विल्लाड्स तर फुशारलेला. एकेकाची पाळी झाली. मग आल्बर्तेची पाळी आली. पोरीचे डोळे सुजलेले होते आणि स्वेटर उलटा घातलेला होता.

"आल्बर्ते, तुझा आठवडा कसा गेला?"

"मजेत."

"केक खायच्या आधी की नंतर?"

कुणी हसलं नाही. आल्बर्तेही नाही.

"अगं राणी, पाहणी संपली," बोदिल तिच्याजवळ सरकली. "आता खरं सांगायला काही हरकत नाही."

आल्बर्तेने ओठ ताणून हसरा चेहरा केला, अगदी पडद्यावर होता तसा, आणि विचारलं, "पण पुढच्या वर्षी परत आहे ना? मग सवय मोडायला नको."