एकटीच्या हातातली चावी

बापूने माझ्या हातातली पाण्याची चावी हिसकावली आणि तिच्याच लोखंडी दांड्याने माझ्या मनगटावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्याच हाडाचा. मग त्याने लाथ मारून मला व्हॉल्व्हच्या खड्ड्यात लोटलं. खड्ड्यात गुडघाभर चिखल. वरून म्हणाला, "बस तितंच. अध्यक्षाची खुर्ची हाय ती."

सगळी वस्ती हंडे घेऊन बघत उभी. कुणी हललं नाही.

आमची वस्ती निघोजे गावाला लागून. सगळे बाहेरून आलेले, लातूरचे, बीडचे. गडीमाणसं चाकणच्या कंपन्यांत शिफ्टला. गावच्या टाकीतून आमच्याकडे येणारं पाणी एका व्हॉल्व्हवर अडलेलं, आणि तो उघडायची कमरेएवढी चावी पाइपलाइन पडली तेव्हापासून बापूच्या बंगल्यात. जमिनी विकून गब्बर झालेला माणूस. पाण्याचे टँकरही त्याचेच. व्हॉल्व्ह बंद की टँकर चालू.

मग आम्ही बायकांनी पाणी समिती काढली. ग्रामसभेत भांडून चावी आणली. मला अध्यक्ष केलं.

आता त्या अध्यक्षबाईचं ध्यान ऐका. बयेने चावीला हळदकुंकू वाहिलं, घरात खिळ्याला टांगली आणि कुणाला बोट लावू दिलं नाही. बाया दारात यायच्या, "अध्यक्षबाई, पाणी सोडा की." मी मुद्दाम चहा संपवून उठायचे. इस्त्रीची साडी नेसून व्हॉल्व्ह फिरवायला जाणारी अख्ख्या तालुक्यात मीच. बापूच झाले होते मी. फक्त मिशा नव्हत्या.

त्यामुळे त्याला एकच हात मोडायचा होता. मोडला. वस्ती पुन्हा टँकरमागे धावायला लागली.

हात प्लास्टरमध्ये. शेजारची कौसा भेटायला आली. उदगीरची, नवरा वेल्डर. मी रडत म्हटलं, "कौसे, माझ्यासाठी एकबी जण पुढं आला नाही गं."

ती फटकन म्हणाली, "तू कुणाला पुढं येऊ दिलंस कधी? चावी तुझी, मग मारबी तुझाच."

मनगटापेक्षा ते जास्त लागलं.

प्लास्टर निघायच्या आत कौसाच्या नवऱ्याने प्रत्येक गल्लीला एक चावी वेल्ड करून दिली. पाळी ठरली. दर आठवड्याला दुसरी गल्ली, दुसरी अध्यक्ष. पहिली कौसा.

बापू आला. कौसाच्या झिंज्या धरून तिला फरफटत नेऊ लागला. या वेळी हंडे धडाधड खाली पडले. बाया चाव्या उगारून धावल्या. मी डाव्या हाताने त्याच्या पाठीत दांडा घातला. नेम चुकला, ढुंगणावर बसला. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

तो ओरडला, "अध्यक्ष कोन हाय तुमची? तिला पुढं काढा!"

कौसाच्या ओठातून रक्त गळत होतं. म्हणाली, "आज मी. मला मारलास तर उद्या ही. मग ती. डबा आणलाव का बापू? लई येळ लागंल."

कुणाला मारावं तेच त्याला कळेना. व्हॉल्व्ह आमच्या हातात राहिला.

आता मी आजी झाले. परवा बापूचा मुलगा वाकडहून गाडी घेऊन आला. शाल, नारळ, पेढे. "आजी, तुम्ही कायमच्या अध्यक्ष व्हा. एका माणसाशी बोलणं सोपं जातं."

सोपंच जातं. विकत घ्यायला आणि मोडायला.

"सगळ्या बायांसमोर बोल," म्हटलं. "मोठ्यानं." तो गेला. पेढे मी ठेवून घेतले.

तो दुसरं दार शोधणार, मला ठाऊक आहे. वस्तीत माझ्यासारखी एखादी बया असतेच, ती शाल घेणार. त्या दिवशी तिच्या दारात पहिली मी उभी असेन. एकदा गोडीने सांगेन, चावी बाहेर आण. नाही आणली तर घरात घुसून हिसकावून घेईन. ती माझी सून असली तरी.