मे महिन्यातला ओढा

सुभेदार कोंडीराम शितोळे फौजेतून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा दारात त्यांच्या स्वागताला एक कुत्रं होतं. ते भुंकलं. आतून त्यांच्या पत्नी यमुनाबाई म्हणाल्या, "कोण आलंय बघ गं." दीपमालाने पडदा सारून बघितलं आणि सांगितलं, "बाबा आलेत."

"बसा म्हणावं. दूध उतू जातंय."

ही गोष्ट १९९२ सालची. सुभेदार मूळचे लोणी काळभोरच्या पुढच्या एका खेड्यातले. मिसरूड फुटायच्या आत भरती झाले ते पूल बांधणाऱ्या पलटणीत. नदी दिसली की पूल टाकायचा, फौज पलीकडे गेली की तो सोडवून गाडीत भरायचा आणि पुढच्या नदीकडे निघायचं, असं सगळं आयुष्य गेलं. पंजाबातल्या नद्या झाल्या, आसामातल्या झाल्या, लडाखमधल्याही झाल्या. मधे कधीतरी विश्रांतवाडीच्या पुढे जयहिंद नगरात त्यांनी जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि बायको, मुलगी, म्हातारी आई यांना तिथे आणून ठेवलं. जागा स्वस्तात मिळाली होती. ती स्वस्त का, हे विचारायला रजा शिल्लक नव्हती.

रजा नेहमी मे महिन्यात मिळायची. मे म्हणजे लग्नसराई, आमरस आणि पाहुणे. वसाहत आणि शहर यांच्या मधून एक ओढा जायचा. मे महिन्यात त्या ओढ्यात दगड असत आणि दगडांवर वाळत घातलेल्या गोधड्या असत. सुभेदार तो ओलांडून पानाच्या गादीवर जायचे आणि ओलांडून परत यायचे. आपण काही ओलांडतोय हेही त्यांच्या लक्षात येत नसे.

निवृत्तीनंतरच्या जुलैत त्यांनी तो ओढा पहिल्यांदा नीट बघितला. कमरेएवढं गढूळ पाणी होतं आणि त्यातून कुणाची तरी बादली वाहत चालली होती. शाळा, दवाखाना, बसथांबा, रेशनचं दुकान, सगळं पलीकडे. अलीकडे ही वसाहत, तिच्यामागे विमानतळाची भिंत. यमुनाबाईंनी दोन पिशव्या उचलल्या आणि भिंतीच्या कडेने चालू लागल्या.

"अगं, इकडून कुठे?"

"मोठ्या रस्त्याने. वळसा घालून."

"रोज?"

"पाऊस असेल तेव्हा. चार महिने."

सुभेदार त्यांच्या मागे मागे गेले. वळसा बराच मोठा होता. येताना गव्हाची पिशवी त्यांनी घेतली. यमुनाबाई म्हणाल्या, "डाव्या खांद्यावर घ्या, पुढे चढ आहे."

ओढ्यापलीकडे शमशुद्दीनभाईंचं खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी दारं बनवायचं दुकान होतं; घर मात्र अलीकडे, वसाहतीतच. पाणी ओसरल्यावर सुभेदार तिथे जाऊन बसले आणि म्हणाले, यावर एखादा पूल हवा होता. शमशुद्दीनभाई वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हवा तर होता, सुभेदारसाहेब. तुमच्या आईच्या वेळेला फार हवा होता."

सुभेदारांना आईच्या वेळचं ठाऊक होतं ते तारेतलं. आई वारली, एवढंच. तेव्हा ते लडाखमध्ये होते. पोचेपर्यंत तेरावाच नव्हे, पावसाळाही उलटला होता. शमशुद्दीनभाईंनी उरलेलं सांगितलं. म्हातारीच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ओढा दुथडी भरलेला. दवाखान्याचा दिवा अलीकडून दिसत होता. यमुनाबाई आणि ते, दोघांनी मिळून म्हातारीला हातगाडीवर घातलं आणि भिंतीकडेने ढकलत नेलं. वाटेत चाक चिखलात रुतलं. दवाखान्याच्या पायरीशी पोचले तेव्हा डॉक्टर बाहेर आले, हात धरून बघितला आणि चादर वर ओढली.

सुभेदार घरी आले. यमुनाबाई तांदूळ निवडत होत्या.

"मला कधी सांगितलं नाहीस."

त्यांनी विचारलं नाही, काय ते. "तुम्ही तिकडे बर्फात. सांगून काय इथलं पाणी उतरणार होतं?" त्या खडे वेचत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "जाताना तुमचं नाव घेतलं त्यांनी. मी म्हटलं, निघालेत, येतीलच."

त्या संध्याकाळी सुभेदार ओढ्याकाठी बराच वेळ उभे होते. आजवर किती नद्यांवर पूल टाकले, त्याची गणती त्यांनी कधी केली नव्हती. त्या दिवशीही केली नाही.

पुढचे काही महिने ते एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडले. एकीकडे सांगत, तुमची वसाहत लवकरच शहरात जाणार, तेव्हा शहरवाले बघतील. शहरवाले सांगत, आल्यावर बघू. सुभेदारांनी दोन्हीकडे आभार मानले आणि वसाहतीत निरोप फिरवला: रविवारी सकाळी सहाला, फावडं घेऊन, ओढ्याकाठी हजर.

वसाहतीतली निम्मी घरं माजी सैनिकांची होती, त्यामुळे गर्दी आवरायची कशी याचाही त्यांनी विचार करून ठेवला होता. रविवारी सहाला ते हजर झाले. बऱ्याच वेळाने वैजनाथ आला. हा लातूरकडचा, हवालदार म्हणून निवृत्त झालेला. आपल्याला येता येणार नाही, हे सांगायला तो आला होता.

"गुडघा दुखतोय, साहेब."

"चालत आलास ना?"

"त्यानेच दुखला."

घरी यमुनाबाईंनी चहा पुढे केला. "सहाला कोण येईल? सहाला नळाला पाणी येतं." संध्याकाळी पदर खोचून त्या चार घरी जाऊन आल्या. काय बोलल्या ते कळलं नाही. पुढच्या रविवारी दहाच्या सुमाराला बायका घमेली घेऊन आल्या आणि बायकांच्या मागे खाली मान घालून पुरुष आले. त्यांत वैजनाथही होता. गुडघा बरा दिसत होता.

त्या दिवशी सुभेदारांना एक गोष्ट समजली. या वसाहतीत त्यांच्या हुद्द्याला काही किंमत नव्हती. इथे ते यमुनाबाईंचे मिस्टर होते. त्यांनी थोडा विचार केला, आणि पुढच्या सगळ्या सूचना यमुनाबाईंमार्फत द्यायला सुरुवात केली. काम झपाट्याने पुढे सरकलं.

लोखंड शमशुद्दीनभाईंनी शोधलं. देशाची दारं जगाला उघडली, असं तेव्हा रोज पेपरात येत होतं. दारं उघडल्यावर जो वारा आला त्यात पिंपरीकडचा एक जुना कारखाना बंद पडला होता आणि त्याच्या छताखालचे लांबलचक लोखंडी गर्डर भंगारात आले होते. त्यांतले दोन ट्रकने आणले. पहिला गर्डर ओढ्यावर सरकवताना घसरला आणि चिखलात नाक खुपसून बसला. फौजेत अशा वेळी हाताशी शंभर जवान असत. इथे सतरा माणसं होती आणि त्यांतल्या पाचजणींना कुकर लावायला जायचं होतं. गर्डर पंधरवडाभर तसाच राहिला. सुभेदारांना त्या दिवसांत जेवण गोड लागलं नाही. शेवटी वीटभट्टीवरून कप्पी आणि साखळ्या आणल्या आणि तो बाहेर काढला.

होळीच्या आत पूल उभा राहिला. हातगाडी जाईल एवढा रुंद, दोन्ही बाजूंना शमशुद्दीनभाईंनी केलेले कठडे. उद्घाटन कुणाच्या हस्ते करायचं यावरून वाद झाला. कुणी म्हणालं सरपंच, कुणी म्हणालं एखादा कर्नल. वाद रंगात आलेला असताना कांताबाईंची म्हैस पुलावरून पलीकडे निघून गेली. त्यानंतर त्या विषयात कुणाला रस राहिला नाही.

पुढच्या पावसाळ्यात ओढा भरला. यमुनाबाई छत्री घेऊन पुलावरून गेल्या आणि कोथिंबिरीची एक जुडी घेऊन परत आल्या. घरात कोथिंबीर होती.

पुढे काही वर्षांनी दीपमाला इंजिनिअर झाली. शहरात काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्यांतल्या एकीत तिला नोकरी लागली. काम अमेरिकेचं, त्यामुळे ड्युटी रात्रीची. संध्याकाळी कंपनीची जीप पुलाच्या पलीकडे येऊन उभी राहायची. महिन्याभरात वैजनाथ वसाहतीच्या वतीने भेटायला आला.

"लोक बोलतात, साहेब."

"काय बोलतात?"

"मुलीची जात. रात्रभर बाहेर."

"हवालदार, तू रात्रीची ड्युटी किती वर्षं केलीस?"

"सगळी नोकरीच की."

"मग लोक काय म्हणाले?"

वैजनाथने आठवून बघितलं. "पदक दिलं."

"थांब थोडा. हिलाही देतील."

त्या दिवसापासून सुभेदार कडक इस्त्रीची पँट घालून रोज संध्याकाळी दीपमालाला पुलापर्यंत सोडायला जाऊ लागले. ती म्हणाली, "बाबा, सगळे हसतात. मी काय पहिलीत आहे?" सुभेदार म्हणाले, "पहिलीत होतीस तेव्हा मी नव्हतो." दोनेक वर्षांत त्या जीपमध्ये वसाहतीतल्या आणखी तीन मुली बसू लागल्या. एक वैजनाथची होती. तिला सोडायला वैजनाथ यायचा, आणि पुलावर दोघं माजी सैनिक शेजारी शेजारी उभे राहायचे.

मग ओढ्यापलीकडे टोलेजंग इमारती आल्या आणि त्यांच्या मोटारींसाठी सिमेंटचा रुंद पूल मंजूर झाला. जुना काढावा लागणार होता. वसाहतीला वाटलं, आता सुभेदार उपोषणाला बसणार. कुणीतरी सतरंजीसुद्धा आणून ठेवली. सुभेदार पाना घेऊन गेले आणि पहिला बोल्ट त्यांनीच सोडवला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "आजोबा, वाईट नाही वाटत?" सुभेदार म्हणाले, "हे सतराव्या वर्षापासून करतोय. तो नट खाली पडू देऊ नका, पायाला लागतो." घरी आल्यावर मात्र ते न जेवता झोपले, आणि यमुनाबाईंनीही ताट वाढलं नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दीपमालाने आईवडिलांना विमानाने लेहला पाठवलं. यमुनाबाईंनी नवऱ्याच्या नोकरीचं एकही गाव आजवर बघितलं नव्हतं. हवा विरळ, म्हणून पहिला दिवस दोघांनी खोलीत पडून काढला. दुसऱ्या दिवशी गाडी करून सुभेदारांनी त्यांना सिंधूच्या काठी नेलं. आसपास ना झाड, ना घर. सुभेदारांनी एका उघड्या उतारावर बोट दाखवलं. तिथे त्यांचा तंबू असे.

यमुनाबाई दोन स्वेटर, मफलर आणि वरून शाल अशा उभ्या होत्या. त्यांनी उताराकडे बघितलं, मग मागच्या बर्फाकडे, मग सुभेदारांच्या पायांकडे.

"किती हिवाळे?"

"तीन."

"पायात काय असायचं?"

"बूट. मोजे दोन-दोन."

"पुरायचे?"

"नाही."

यमुनाबाईंनी मान हलवली. शालीचं एक टोक सोडवून त्यांनी ते सुभेदारांच्या खांद्यावर टाकलं, आणि इथे कुठे चहा मिळतो का, असं ड्रायव्हरला विचारलं.