कोरी नळी

सौदामिनी अहमदपूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्ट्या लागल्या की हात हलवत घरी. पीएचडी झाली की कायमच्या नोकरीसाठी अर्ज करता येईल, या एका आशेवर तिनं चाळिशी ओलांडली होती. नोंदणीची वाढवून घेतलेली मुदतही आता मार्चअखेर संपणार होती आणि पुढे वाढ मिळणार नव्हती. म्हणून कॉलेजातले तास सोडून ती नांदेडला खोली करून राहिली आणि दिवसभर एका प्रयोगशाळेत आंबाडीच्या भाजीतलं फॉलिक आम्ल मोजू लागली.

लोक हसायचे. आंबाडी खायची असते, मोजायची कसली? पण मोजण्याची रीत मोठी गमतीची होती. बहुतेक जिवाणू पक्के स्वावलंबी. थोडी साखर आणि क्षार दिले की लागतील ती सगळी अमिनो आम्लं ते घरच्या घरी तयार करतात. त्यातल्या काहींना कार्बनचा एक तुकडा जोडावा लागतो. तो उचलून नेण्याची हमाली फॉलिक आम्ल करतं, आणि हा हमालही ते स्वतःच घडवतात. माणसाला ते जमत नाही, म्हणून त्याला पालेभाजी खावी लागते. सौदामिनीचा जिवाणू मात्र अगदीच ऐतखाऊ. त्याला फॉलिक आम्लही आयतं लागायचं आणि बरीचशी अमिनो आम्लंही. बाकी सगळं पुरवायचं आणि फॉलिक आम्ल तेवढं आंबाडीच्या रसातून द्यायचं. जितकं मिळेल तितका तो वाढायचा आणि नळी तितकी गढूळ व्हायची. सोबत एक कोरी नळी असायची, तिच्यात जिवाणू सोडायचा, पण आंबाडीचा रस घालायचा नाही. ती नितळच राहिली पाहिजे. ती गढूळ झाली तर बाकीच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे सौदामिनी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आली होती.

थंडी पडली आणि कोरी नळी जराशी धुरकट दिसू लागली. मार्गदर्शक रेणुकादास सर म्हणाले, काचसामान जुनं आहे, तेवढं वजा करून टाका. तिला पटलं नाही, पण तिनं पटवून घेतलं. मुदत डोक्यावर असली की माणूस बरंच काही पटवून घेतो.

त्या दिवसांत तिला सुख म्हणाल तर सिंधुमावशीच्या दह्याचं. मावशी विष्णुपुरीहून यायची, प्रयोगशाळेत झाडलोट करायची, नळ्या धुवायची. सौदामिनी एकटी बसून कोरडी भाकरी खाते हे तिला बघवेना, म्हणून दुपारी ती दह्याची वाटी पुढे करायची. थंडीतही इतकं घट्ट दही कसं लागतं, असं सौदामिनीनं विचारलं की मावशी नुसती हसायची.

फेब्रुवारीत एका सकाळी कोरी नळी आंबाडीच्या नळीइतकीच गढूळ निघाली. सौदामिनीनं तिच्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तिचा जिवाणू काडीसारखा. इथे काड्यांच्या गर्दीत गोल मण्यांच्या माळाच माळा होत्या. त्या कुठून आल्या, याचा तिला दुपारी वाटी समोर आल्यावर संशय आला. घास तसाच ठेवून तिनं दह्याचा थेंब काचेवर घेतला. त्याच माळा. दह्यातले हे जिवाणू फॉलिक आम्ल स्वतः तर बनवतातच, वर शेजाऱ्यालाही पुरवतात.

दही कुठं लावता, असं तिनं विचारलं. नळ्या वाढीसाठी रात्रभर उबेत ठेवायचं जे कपाट, त्या इनक्युबेटरकडे मावशीनं मोठ्या हौसेनं बोट दाखवलं.

"घरी थंडीनं लागंना झालं. ह्याच्यात रातभर ऊब ऱ्हाती. थंडीच्या सुरवातीला एक डाव सांडलं होतं, पण म्या समद्या नळ्या पुसून जागच्या जागी ठिवल्या."

ज्यातून दर वेळी थोडा जिवाणू घ्यायचा, त्या मूळ वाणाच्या नळ्याही त्यातच होत्या. म्हणजे वाणच बिघडला होता आणि हिवाळाभरचा एकेक आकडा खोटा होता. नवा वाण मागवून सगळं पुन्हा करायला महिने हवे होते. सर हळूच म्हणाले, कोऱ्या नळीचे आकडे सुरुवातीसारखेच लिहा, आंबाडीत फॉलिक आम्ल असतं हे तर जगजाहीर आहे, कोण तपासायला बसलंय. मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तिनं पेन हातात घेतलंही.

"सर, हे आकडे आंबाडीचे नाहीत," ती शेवटी म्हणाली. "मी नाही लिहिणार."

सर चिडले, मग त्यांनाही वाईट वाटलं. मार्च संपला आणि नोंदणी रद्द झाली.

शेवटच्या दिवशी दोघी मिळून नळ्या धूत होत्या. मावशीनं हातातली नळी खाली ठेवली.

"मॅडम, माझ्या दह्यानं काई बिघडलं का?"

सौदामिनीला राग आला होता, रडूही फुटलं होतं, पण ते सगळं होऊन गेलं होतं. समोर फक्त साबणात बुडालेले ते हात होते. "नाही मावशी. पण आता त्यात काही ठेवू नका, सर रागावतात."

मावशीचा जीव भांड्यात पडला. "मंग डिग्रीचा पेढा पयला मला."

"देईन की," सौदामिनी म्हणाली. कागदावर जे खोटं तिच्यानं लिहवलं नाही, ते इथं एका दमात बोलून झालं. मग हात पुसून तिनं अहमदपूरची एसटी धरली. तिचे तास केव्हाच दुसऱ्या कुणाला दिले गेले होते.